मागच्या सीटपर्यंतची तार

बाभुळगावात रिटायर माणूस रस्त्यात भेटला की लोक दोनच प्रश्न विचारतात. तब्येत बरी आहे ना, आणि वहिनी कधी येणार. पहिल्याचं उत्तर मी देतो. दुसऱ्याच्या वेळी मी माझ्या मोटारसायकलकडे बोट दाखवतो. "हे पाहिले का, नवीन फॉग लाइट लावले." माणूस वाकून लाइट बघतो, काच टिचकीने वाजवतो, किती दूर उजेड पडतो विचारतो आणि वहिनींना विसरतो. सारी नोकरी उपकोषागारात काढली मी. आलेल्या माणसाला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर कसं पाठवायचं ते मला शिकवायला नको.

वहिनी म्हणजे माझी बायको, रजनी. ती पुण्याला आहे. आमची मुलगी शाल्मली तिथे नोकरी करते, जावई सलीलही करतो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आपली रीत, पण शाल्मलीला रजा पुरेना, डॉक्टर तिकडचे, तेव्हा मुलगी माहेरी यायच्या ऐवजी माहेरच उठून मुलीकडे गेलं. तीन महिन्यांसाठी गेलेली रजनी अजून तिकडेच आहे. नात मैत्रेयी आता शाळेत जायला लागली आहे. मधल्या काळात रजनी इकडे आली ती पाहुण्यासारखी. आली, डबे घासले, मसाला कुटून ठेवला, गेली. मी बायको जिवंत असलेला विधुर झालो आहे. हे वाक्य मी एकदा गमतीत धाकट्या भावाला, बळीरामला ऐकवलं. तो पोट धरून हसला. मला हसू आलं नाही.

मी तिकडे जाऊन पाहिलं नाही असं नाही. एक उन्हाळा राहिलो. अकराव्या मजल्यावर घर. सकाळी सगळे आपापल्या कामाला लागत, रजनी पोरीच्या मागे. मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचो, म्हणून सगळ्यांच्या आधी उठून अंथरुणाची घडी घालून बसायचो. लिफ्टमध्ये माणसं भेटत, ती आपल्या बुटांकडे बघत. एकदा मी सलीलची मोटारसायकल काढून चक्कर मारून आलो, तर संध्याकाळी शाल्मली हळूच म्हणाली, "बाबा, इथल्या ट्रॅफिकमध्ये नका ना काढू." मी परत आलो. इथे एकटा असतो, पण इथे मी कोणाच्या वाटेत तरी नसतो.

आता फोनचं सांगतो. शाल्मली रोज फोन करते. स्पीकर लावते. "बाबा, जेवलात का? आई विचारतेय." मागून रजनीचा आवाज येतो, कुकरच्या शिट्टीतून. "त्यांना विचार, बीपीची गोळी घेतली का." मी म्हणतो, "सांग तिले, घेतली." शाल्मली सांगते. आई दोन हातांच्या अंतरावर उभी असते, पण फोन हातात घेत नाही. आणि मीही म्हणत नाही की दे तिला.

नवीन पोरांना हे विचित्र वाटेल. आमच्या लग्नाच्या वेळी घरात आई, बाबा, दोन बहिणी आणि बळीराम. मोठ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, हे कोणी सांगितलेलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. मी समोर पाटावर बसलेलो असायचो आणि रजनी आईला म्हणायची, "आई, त्यांना विचारा, अजून पोळी घेता का." आई माझ्याकडे बघायची, मी आईला नाही म्हणायचो, आई तिला नाही सांगायची. आई गेली, बाबा गेले, बहिणी सासरी गेल्या. मधला माणूस शोधायची सवय मात्र राहिली. शाल्मली बोलायला लागली तशी ते काम तिच्याकडे आलं, आणि ती अजून ते करते आहे.

मग आम्ही कधी बोललोच नाही का? बोललो की. गाडीवर. आधी स्कूटर होती, मग ही मोटारसायकल. दोघांची तोंडं पुढे, डोळ्याला डोळा नाही, आजूबाजूला कोणी नाही, त्यामुळे धीर येतो. शाल्मलीला अमरावतीला इंजिनिअरिंगला ठेवायचं हे कळंबच्या रस्त्यावर ठरलं. माझी बदली रद्द करून घ्यायची नाही, हेही तिथेच. रजनीचे वडील गेले तेव्हा यवतमाळहून परत येताना ती माझ्या पाठीला कपाळ टेकून रडली, घरी आल्यावर हातपाय धुऊन चहा ठेवला. कडाक्याची भांडणंसुद्धा आम्ही गाडीवरच केली. घरात पाऊल ठेवलं की मिटायची.

म्हणजे मला तिला जे सांगायचं होतं ते सांगायची जागा एकच होती. सांगायचं फार मोठं नव्हतं. "मले करमत नाही. तू परत ये." एवढंच. शाल्मलीच्या मार्फत हे सांगता येत नाही. बापाने मुलीला कसं सांगावं की तुझ्या आईला म्हणावं, मला करमत नाही? पोरगी तिकडे काळजी करत बसेल, नाहीतर पुन्हा तो सोफा. आणि रोज फोनवर मी काय सांगायचो? "मस्त चाललं आहे. आज गाडीला मोबाइल चार्जर बसवला." "आज हॉर्न बदलला, दोन सुरांचा." "आज फॉग लाइटला वेगळा रिले टाकला, आता बटण गरम होत नाही." शाल्मली कौतुकाने हसायची. खरं सांगायचं तर दुपारी चार वाजता घरात जी शांतता पडते, तिच्यावर मला दुसरा उपाय सापडला नव्हता. साइड कव्हर उघडायचं, वायरी सोलायच्या, टेप गुंडाळायचा, संध्याकाळ होते.

बळीरामच्या मुलीचं, प्रियंकाचं, लग्न ठरलं आणि रजनी चार दिवसांसाठी येणार असं कळलं, तेव्हा मी इंटरकॉम मागवला.

इंटरकॉम म्हणजे पुढच्या आणि मागच्या माणसाने एकमेकांशी बोलायचं यंत्र. सीटखाली एक डबी बसते. तिच्यातून एक तार टाकीखालून पुढे येते, एक मागच्या सीटजवळ. दोन्ही हेल्मेटांत कानाशी चपटे स्पीकर आणि तोंडाशी माइक. पिन लावली की झालं. मोबाइलही जोडता येतो. पूर्वी याची गरज नव्हती; पण आता माझा डावा कान कामातून गेला आहे, वर हेल्मेट, वर वारं. मागच्या वेळी स्टेशनवरून येताना ती काय काय बोलली आणि मी नुसता मान डोलावत राहिलो. या वेळी मला ते परवडणार नव्हतं.

काम मी मन लावून केलं. करंट सरळ बॅटरीवरून, मध्ये फ्यूज, चावी बंद केली की डबीही बंद व्हावी म्हणून रिले. तारा मूळ वायरिंगच्या बाजूबाजूने नेल्या, हँडल वळताना ताण पडू नये म्हणून तिथे थोडा झोल ठेवला. मागची तार मी तीनदा काढून बसवली. रजनी कोणत्या बाजूला पाय सोडून बसते, साडीत तार अडकेल का, हे सगळं बघून.

तपासायला मागे बसणारं कोणी पाहिजे होतं. नेर रोडला विक्कीचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. रिले, फ्यूज, टेप मी त्याच्याकडूनच घेतो. गडी तोंडाचा फाटका आहे, पण मनाचा वाईट नाही. त्याच्या डोक्यात हेल्मेट घातलं, मागे बसवलं आणि यवतमाळ रोडला लागलो.

"हॅलो हॅलो, काकाजी, आवाज येऊन राह्यला काय?" विक्की ओरडला.

"ओरडू नको बे. कानातच बसला तू माझ्या."

"अरे वा! काकाजी, हे तं भारी काम केलं. पण कोनासाठी? तुमच्या मांगं तं कोनीच नाही बसत."

मी गिअर बदलला. त्याला वाटलं तार सुटली, त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, काकू येऊन राह्यली. मग त्याने त्याच्या बायकोचं, सासूचं, दुकानाच्या मालकाचं सगळं सांगितलं. मी हळूहळू गाडी चालवत होतो. वळायची जागा कधीच मागे गेली होती. कानाशी लागून कोणी बोललं त्याला इतके दिवस झाले होते की मला विक्कीची सासूही गोड वाटायला लागली.

पुण्याची गाडी धामणगावला थांबते. ते आमचं जवळचं स्टेशन. रजनी उतरली ती एक बॅग आणि एक पिशवी घेऊन. वाळली होती. केस कापून छोटे केले होते. "सोयीचं पडतं," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. मी हेल्मेट पुढे केलं, पट्टा लावून दिला, पिन बसवली. प्लॅटफॉर्मवरून येणारी दोन बायामाणसं थांबून बघायला लागली, तशी रजनी लाजली.

"हे काय आणखी?"

"बोल. बोलून पाहा."

"काय बोलू?" असं म्हणाली आणि स्वतःचाच आवाज कानात ऐकून दचकली. मग हसली. ते हसू माझ्या दोन्ही कानांत आलं, वाईट कानातसुद्धा.

धामणगाव सुटेपर्यंत सगळं बरं चाललं. मैत्रेयीने शाळेत कसा डबा सांडला, शेजारच्या बाईंचं कुत्रं. तिचं बोलणं बदललं होतं. मले, तुले जाऊन मला, तुला आलं होतं. मी ठरवलं होतं, बेंबळ्याचा कालवा ओलांडला की बोलायचं. पण मोकळा रस्ता लागला, मी गाडीला वेग दिला आणि कानात शिट्टी सुरू झाली. इंजिन जितकं फिरेल तितकी शिट्टी चढे. वेग कमी केला की उतरे. तिला वाटलं मी काही म्हणतो आहे, मला वाटलं ती काही म्हणते आहे. आम्ही दोघंही "काय? काय?" करत राहिलो. शेवटी तिने पिन उपटली आणि माझ्या खांद्यावरून पुढे धरली. "कान दुखले माझे," ती माझ्या कानाशी ओरडली. पुढचा सगळा रस्ता ती माझ्या मागे गप्प बसून होती आणि मी स्वतःला शिव्या घालत होतो. कोषागारातला माणूस मी. बिलात एक सही राहिली तर बिल परत पाठवायचो. आणि इथे अर्थिंग तपासलं नव्हतं.

लग्नघर शेजारीच, म्हणून निम्मे पाहुणे आमच्याकडे. हॉलमध्ये गाद्या, बाथरूमला रांग, अंगणात भाजीचे ढीग. रजनी सगळ्यांची होती. सकाळपासून तिच्या नावाने हाका. रजनी, साखर कुठे आहे. काकू, माझी पिन लावून द्या. कित्येक महिन्यांनी घरातला प्रत्येक दिवा लागला होता, आणि मला दारात चप्पल काढायला जागा नव्हती. जेवताना ती पंगतीत वाढत माझ्यासमोर आली, थांबली, आणि बळीरामच्या बायकोला म्हणाली, "सत्यभामा, त्यांना विचार, वडाभात वाढू का." सत्यभामेने विचारलं. मी सत्यभामेला म्हटलं, वाढ थोडा.

मी पळ काढून गाडीपाशी गेलो. सीट उघडली. हळदीच्या गाण्यांचा कल्ला चालू होता आणि मी बॅटरीसमोर उकिडवा बसून होतो. येणारे-जाणारे म्हणत, "नीळकंठराव, आज तरी सोडा गाडीले!" चूक सापडली. डबीची अर्थची वायर मी सीटखालच्या नटाला आवळली होती आणि नटाखाली रंगाचा थर होता. अर्थ नीट मिळत नव्हता, म्हणून इंजिनाची शिट्टी कानात येत होती. मी ती वायर काढून लांबवली आणि सरळ बॅटरीच्या मायनसला नेऊन बसवली. दुसऱ्या दिवशी विक्की अक्षता टाकायला आला, त्याला तसाच नव्या शर्टात मागे बसवून गावाबाहेर नेलं. आवाज काचेसारखा साफ.

"काकाजी, आता काकूले कायबी सांगा," विक्की म्हणाला. "कायबी लपनार नाही."

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. संध्याकाळची गाडी होती. बळीराम म्हणाला, माझ्या कारने सोडतो, बॅगा आहेत. मी म्हटलं, बॅग तू आण नंतर, ही माझ्यासंगं येते. सगळे गालात हसले. हसू द्या. निघताना रजनी म्हणाली, "मैत्रेयी दुपारी झोपून उठली की फोन करते, गाडीवर ऐकायला येत नाही मला." मी मोठ्या तोऱ्यात तिचा मोबाइल घेतला आणि इंटरकॉमला जोडून दिला. आता बटणसुद्धा दाबायचं काम नाही, फोन आपोआप उचलला जाईल, म्हटलं. मला माझी कारागिरी दाखवायची होती.

रस्त्याने कापसाच्या गाड्या जात होत्या. बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते. शिट्टी नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता, बांगडी सरकली की तीही. वाक्य तयार होतं. कालवा यायच्या आधीच सांगून टाकावं म्हणून मी "अगं" म्हटलं आणि त्याच वेळी तीही "अहो" म्हणाली.

"सांग तू," मी म्हणालो.

"नाही, तुम्ही सांगा."

"तू सांग ना."

"एक सांगायचं होतं. चार दिवस सांगीन म्हणत होती, घरात माणसंच माणसं. म्हटलं गाडीवर सांगू. शाल्मलीले पुन्हा दिवस गेले. तिसरा महिना आहे. तिनं तुमाले फोनवर नाही सांगितलं, म्हणे आई तूच सांग. मग आता माझं येणं… दोन लेकरं अन् तिची नोकरी. पाळणाघरात टाकायचं नाही म्हणते ती. चार-पाच वर्षं तं मले हलता नाही येत."

समोरून ट्रक आला. मी गाडी खाली घेतली, पुन्हा वर आणली.

"चांगली गोष्ट आहे," मी म्हणालो. आणि चांगलीच गोष्ट होती ती. नातवंडं कोणाला नको असतात?

"तुम्ही काय म्हणून राह्यलते?"

"काही नाही. आवाज तपासून राह्यलो."

"साफ येते आता," ती म्हणाली. "फारच साफ."

चार-पाच वर्षं. मी हिशेबाचा माणूस, पण हा हिशेब मला करायचा नव्हता. कालवा आला आणि गेला. मला पोरीचा रागही आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. तेवढ्यात कानात टुंग वाजलं. फोन उचलला गेला.

"आजी!" मैत्रेयीचा आवाज, झोपेतून उठल्याचा. "तू निघालीस?"

"निघाले गं बाई. गाडीवर आहे मी. उद्या सकाळी तुझ्याजवळ."

रजनीचा असा आवाज मी ऐकला नव्हता. सायीसारखा. तिला बहुतेक वाटत होतं की फोन तिच्या एकटीच्या कानात वाजतो आहे. आवाज दोघांनाही येतो हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

"आबा पण येणार?"

"नाही, आबा मला सोडायला आले."

"मग आबा घरी एकटे? आबांना करमतं?"

रजनीने जराही विचार केला नाही.

"त्यांना काय होतं! आबांना कोणी लागतच नाही, राणी. त्यांची गाडी आहे ना. सारखं काही ना काही बसवत असतात तिच्यावर. मजेत असतात."

टोमणा नव्हता तो. आवाजात कौतुक होतं. नवऱ्याबद्दल नातीला सांगताना बायका जसं सांगतात, तसं. म्हणजे गेली इतकी वर्षं तिकडे हे असं समजून चाललं होतं. मीच समजावलं होतं, रोज, स्पीकरवर. फोन संपला. मैत्रेयीने पापा दिला तो माझ्याही कानात आला.

"लागते," मी म्हणालो.

"काय?" ती दचकली. "तुमाले ऐकू आलं?"

"मलेही कोणी लागते. गाडीवर मी लाइट लावतो कारण घरात बसवत नाही. मले करमत नाही. फार दिवसांपासून करमत नाही."

बोलून झालं. मी हँडल घट्ट धरलं. मागून काहीच आलं नाही. मला वाटलं पिन निसटली. मग श्वास ऐकू आला, अडखळत. धामणगावचे जिनिंगचे कारखाने दिसायला लागले, रेल्वेचं फाटक आलं. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तो एवढा घट्ट होता की शर्टातून नखं लागत होती.

स्टेशनबाहेर मी गाडी स्टँडवर लावली. तिने हेल्मेट काढलं. डोळे लाल झाले होते. पुसायची घाई केली नाही तिने. बळीराम बॅग घेऊन आधीच पोहोचला होता, त्याने लांबून आम्हाला पाहिलं आणि तो चहाच्या टपरीकडे वळला.

प्लॅटफॉर्मवर गर्दी होती. गाडीची घोषणा झाली. रजनी माझ्यासमोर उभी राहिली, अगदी समोर, आणि तिने माझं मनगट धरलं. चारचौघांत, दिवसाउजेडी. लग्नात सप्तपदीला धरलं असेल, त्यानंतर हेच.

"तुम्ही या तिकडे," ती म्हणाली.

"शाल्मली म्हणते का?"

"शाल्मली नाही. मी म्हणून राह्यली." ती माझ्या डोळ्यांत बघत होती. "तुमाले काय वाटते, मी तिथं सुखात आहे? दिवसभर त्या लेकरासंगं बोलते. संध्याकाळी ते दोघं येतात अन् लॅपटॉप उघडतात. माझ्यासंगं बोलायले कोणी नाही. मी कोणाले सांगू? मलेही करमत नाही. या ना तुम्ही."

गाडी येत होती. इंजिन दिसलं, लोकांनी पिशव्या उचलल्या. माझ्याजवळ उत्तर होतं. एका अक्षराचं होतं. मी तोंड उघडलं आणि मला अकरावा मजला दिसला, लिफ्ट, तो सोफा, सकाळी सगळ्यांच्या आधी अंथरुणाची घडी, दुपारभर पाय पोटाशी घेऊन बसायचं. माझी गाडी, माझा रस्ता, मला नावाने ओळखणारं गाव. तिने आजवर माझ्याकडे काय मागितलं होतं? काहीच नाही. मी मात्र तिने सगळं सोडून यावं म्हणून महिनाभर तारा जोडत बसलो होतो.

"पाहतो," मी म्हणालो.

माझं 'पाहतो' काय असतं ते रजनीला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. आमच्या संसारात ते कधी 'हो' झालेलं नाही.

तिने मनगट सोडलं, पदर नीट केला. "पाहा," ती म्हणाली. बळीरामने बॅग आत ठेवली, ती डब्यात चढली. दारात उभी राहून एकदा मागे वळली, पण मागून माणसं चढत होती, त्यांनी तिला आत ढकललं.

गाडी सुटली. एसीच्या डब्याच्या काचा बाहेरून काळ्या दिसतात. ती कोणत्या खिडकीशी बसली ते मला कळलं नाही, पण तिला मी दिसत असणार, म्हणून डबा पुढे निघून जाईपर्यंत मी सगळ्याच खिडक्यांना हात हलवत राहिलो.